अरण्याचा जमाखर्च

एखाद्या राज्याने आपल्या अरण्यांना काय मोल दिले हे जाणावयाचे असेल, तर त्याच्या जाहीरनाम्यांपेक्षा त्याच्या हिशेबाच्या वह्या उघडणे अधिक फलदायी होते. कारण जाहीरनाम्यातील शब्द उदार असू शकतात, वहीत मात्र प्रत्येक रकमेला जमा किंवा नावे यांपैकी एका बाजूस बसावेच लागते. महाराष्ट्रातील अरण्यांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचू लागले की एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. ज्या ज्या काळी सरकारी वहीत अरण्य स्वस्तात राखले गेल्याची अथवा नफ्यात चालल्याची नोंद आढळते, त्या त्या काळी त्याच्या खर्चाचा मोठा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी खाती पडलेला असतो. आणि ही खाती ज्यांची असतात, त्यांच्यापाशी वही ठेवणारा कारकून नसतो. उजाड झालेले नैसर्गिक अरण्य पुन्हा उभे करण्यासाठी सार्वजनिक पैसा कोठे आणि कसा खर्च करावा, म्हणजे तो सत्कारणी लागेल, हा प्रश्न आज मोठ्या अगत्याने विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या जुन्या जमाखर्चाची फेरतपासणी करणे इष्ट आहे.

मराठेशाहीत स्वतंत्र वनखाते नव्हते, तथापि अरण्याविषयीची राजनीती होती. घोडदळाच्या वैरणीसाठी सरकारी कुरणे राखून ठेवलेली असत आणि गडांच्या घेऱ्यातील झाडीला हात लावू नये असा दंडक असे. या राजनीतीचे सर्वांत स्पष्ट लिखित रूप रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे. सागवानासारखी झाडे राज्यातील अरण्यातून हुजुराच्या परवानगीने तोडावीत. आंबा आणि फणस यांचेही लाकूड आरमाराला उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, अशी ही तजवीज आहे. तीत भूतदया आहेच. परंतु त्याहून अधिक लक्षणीय आहे ती तिच्यामागील हिशेबी बुद्धी. झाडाला लागलेला काळ हा खर्च आहे, तो कोणी तरी सोसलेला आहे, आणि तो न चुकवता लाकूड नेले तर राज्याचा झालेला फायदा टिकाऊ ठरत नाही, हे अमात्यांना ठाऊक होते. प्रत्यक्ष अंमलात ही आज्ञा किती पाळली गेली हा प्रश्न निराळा. परंतु नावे कोणाच्या पडते याचा विचार येथे कागदावर तरी झालेला होता.

कंपनीच्या अंमलात हा विचार मागे पडला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कसबी कारागीर जी जहाजे बांधीत, त्यांना मलबारचा सागवान लागे. १८१७ साली मुंबईस पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. ब्रिटनच्या आरमाराची भूक आपल्या डोंगरांनी किती टिकाऊ लाकडाने भागविली, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याचे कारण नाही. या लाकडाचा पुरवठा अखंड राहावा म्हणून १८०६ साली कॅप्टन वॉटसन याची मलबारात वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. सरकारी मक्तेदारीमुळे व्यापारी आणि जमीनदार त्रस्त झाले, आणि १८२३ साली ते पदच रद्द करण्यात आले. संरक्षणाच्या या पहिल्या प्रयोगात सरकारने पगार दिला तो लाकूड हाती घेण्यासाठी; लाकूड पुन्हा उगवावे यासाठी तरतूद जवळजवळ नव्हतीच.

मुंबई इलाख्यात या बाबतीत खरा आरंभ झाला तो डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यापासून. पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पतिउद्यानाचे हे अधीक्षक पेशाने शल्यवैद्य होते, आणि १८४७ साली त्यांना इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. कोकणातील डोंगर उघडे पडल्याबरोबर ओढ्यांचे पाणी आटते आणि खाड्या गाळाने भरतात, या गोष्टीकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले होते. म्हणजे अरण्य विकता येणाऱ्या लाकडाव्यतिरिक्त आणखीही काही पुरविते, ही जाणीव त्या काळीही दप्तरात पोहोचली होती. परंतु झऱ्याच्या पाण्याला बाजारभाव नव्हता. खजिन्याच्या वहीत त्यासाठी रकाना आखलेला नव्हता, आणि ज्याला रकाना नाही त्याची बेरीजही होत नाही.

१८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली, आणि दहा-बारा वर्षांत बोरघाट व थळघाट ओलांडून लोहमार्ग देशावर पसरू लागले. रुळांच्या एका मैलाला दोन हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर लागत, आणि तेही काही वर्षांनी कुजून बदलावे लागत. या मागणीने भयभीत झालेल्या सरकारने १८६४ साली अखिल भारतीय वनखाते स्थापन केले आणि जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांना त्याचे पहिले महानिरीक्षक केले. जर्मन शास्त्राचा सिद्धान्त मोठा सुटसुटीत होता: अरण्यातील उभे लाकूड हे मुद्दल, त्याची वार्षिक वाढ हे व्याज, व्याजाइतकेच तोडावे, म्हणजे मुद्दल अक्षय राहते. या सिद्धान्ताने बेबंद तोडीला लगाम घातला हे कबूल केलेच पाहिजे. राखीव वनांच्या हद्दी त्या काळी आखल्या गेल्या नसत्या, तर आज मेळघाटात वा चांद्याकडे जी वने उरली आहेत, तीही कदाचित उरली नसती. परंतु मुद्दल आणि व्याज दोन्ही लाकडातच मोजले जात असल्यामुळे ज्या वनस्पतीचे लाकूड विकत नाही ती या शास्त्राच्या लेखी जवळजवळ तणच ठरली.

१८७८ च्या वनकायद्याने वनांचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवने. यांपैकी ग्रामवनांवर ब्रँडिस यांचा विशेष भर होता. गावाला आपले म्हणून काही अरण्य असल्याशिवाय सरकारी अरण्य सुरक्षित राहणार नाही, असे त्यांचे मत होते. परंतु सर्व वनांवर सरकारची पूर्ण मालकी असावी असे म्हणणारा पक्ष सरकारात प्रबळ ठरला, आणि ग्रामवनांचे प्रकरण कायद्याच्या पुस्तकात राहून व्यवहारात जवळपास कोठेच उतरले नाही. पुढील सव्वाशे वर्षांतील पुष्कळसा अपव्यय या एका न उघडलेल्या प्रकरणातून उगम पावला आहे.

त्याचा पहिला फटका ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना बसला. तेथील भातशेतीचा सारा डोलारा राबावर उभा असे. उन्हाळ्यात शेतकरी ऐन-किंजळासारख्या झाडांचा कवळ तोडून आणी. रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर आधी वाळलेल्या शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सर्वांवर बारीक मातीचे आच्छादन असा तो बिछाना रची, आणि पाऊस येण्यापूर्वी तो संथ आगीने भाजून काढी. त्या राखेत पेरलेले भाताचे वा नाचणीचे बी तणाच्या आधी वर येई आणि रोपे जोमाने वाढत. झाड मुळासकट जात नसे. फांद्या छाटलेले ऐनाचे खोड पुढच्या पावसात पुन्हा फुटे. वनखात्याच्या दृष्टीने ही निव्वळ नासाडी होती, कारण छाटलेल्या झाडाचे सरळ वासे मिळत नाहीत. राखीव वनाची हद्द वाढत चालली तसतसा कवळ तोडणे हा गुन्हा होऊ लागला, आणि डोंगरउतारावरील दळी कसून नागली-वरी पिकविणारे ठाकूर-कातकरी आपल्याच डोंगरात गुन्हेगार ठरले. गाऱ्हाणी इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला, आणि १८८७ साली त्याचा अनेक खंडांचा अहवाल बाहेर पडला. काही सवलती पदरात पडल्या, तथापि मूळ व्यवस्था तशीच राहिली. देशावर याच सुमारास, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, आणि जंगलखात्याने माळ-डोंगर आपल्या कक्षेत घेतल्यामुळे कुणब्याच्या गुराढोरांना चरावयास जागा उरली नाही, हे गाऱ्हाणे त्यात परखडपणे मांडले.

वनखात्याची वार्षिक प्रतिवृत्ते या सर्व काळात नफा दाखवीत होती. परंतु कुणब्याची उपाशी गुरे, ठाकराची हिरावलेली दळी, एक भारा लाकडासाठी भरलेला दंड, आणि तो चुकविण्यासाठी शिपायाच्या हातावर ठेवलेली चिरीमिरी यांची बेरीज त्या प्रतिवृत्तांत कोठेच नव्हती. तिची वसुली पुढे निराळ्या रीतीने झाली. १९३० साली, विशेषतः मिठासाठी समुद्र जवळ नसलेल्या प्रदेशांत, सविनय कायदेभंगासाठी जंगलच पुढे आले. बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे सत्याग्रह्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. गवताच्या पेंढीसाठी माणूस प्राण पणाला लावतो, तेव्हा त्या गवताची खरी किंमत सरकारी दरपत्रकात नव्हती हे उघड होते.

स्वराज्य आल्यावर हा जमाखर्च नव्याने मांडला जाईल अशी अपेक्षा स्वाभाविक होती. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाची एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे ध्येय ठेवले. परंतु उत्सव रोपे लावण्याचा होता, आणि धोरण क्षेत्रफळाचे होते. वन म्हणजे काय, याची व्याख्या जुन्याच वहीतून आली. तिचा कळस १९७० नंतरच्या दशकात झाला. १९७४ साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने ‘कमी उत्पादक’ मिश्र वनांच्या जागी मौल्यवान लाकडाची रोपवने उभारावीत या विचाराला शास्त्रीय अधिष्ठान दिले. विदर्भात मोह, तेंदू, चारोळी, बेहडा आणि आवळा असलेली वने तोडून तेथे ओळीने सागवान लावले गेले. प्रकल्पाच्या हिशेबात ही गुंतवणूक होती. तोडलेल्या मिश्र वनाचे लाकूड जमेस, लागवडीचा खर्च नावे, आणि साठ-सत्तर वर्षांनी येणाऱ्या सागाची किंमत पुन्हा जमेस. परंतु ज्या गोंड कुटुंबाला चैत्रात मोहफूल मिळे आणि वैशाखात चारोळी, त्याचे वर्षाचे उत्पन्न बुडाले. त्या वनात पावसाळ्यात मुरणारे पाणी, आणि दीडशे-दोनशे जातींच्या जागी उरलेली एक जात, हेही कोणत्याच बाजूस लिहिले गेले नाही. सार्वजनिक पैशाने नैसर्गिक अरण्य मोडून त्याच पैशाने ‘वन’ उभारण्याचा हा व्यवहार अव्यापारेषु व्यापार म्हणावा असाच होता.

१९७२ च्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेने या कथेत एक निराळा आणि उदात्त अध्याय जोडला. शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर गोळा करावा आणि खेड्यातील मागेल त्या हाताला काम द्यावे, ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. पाझर तलाव, नालाबंडिंग, समतल चर यांबरोबरच वृक्षलागवडीवरही या योजनेचा पैसा खर्च झाला, आणि १९८२ पासून सामाजिक वनीकरणाने रस्त्याच्या कडा, गायराने आणि पडीक माळ यांवर सुबाभूळ, निलगिरी आणि गिरिपुष्प नेऊन पोहोचविले. मजुरी मिळाली, चूल पेटली. हे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु अरण्य उभारणे आणि काम पुरविणे ही दोन निराळी उद्दिष्टे एकाच वहीत आली, आणि मोजमाप झाले ते दुसऱ्याच्या सोयीने. उन्हाळ्यात खड्डे खणावयाचे, त्यांची लांबी-रुंदी-खोली मोजमाप-पुस्तकात उतरावयाची, मृगाच्या सरी पडल्यावर पिशवी फाडून रोप बसवावयाचे, पावसाच्या उघडिपीत निंदणी करून मातीची भर द्यावयाची, आणि पुढच्या वर्षी मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून मर भरून काढावयाची: या प्रत्येक क्रियेला दर आहे आणि प्रत्येक दराला मंजुरी आहे. त्यानंतर निधी आटतो, राखणदार घरी जातो, आणि चौथ्या उन्हाळ्यात गुरे आत शिरली वा वणवा आला, तरी तोवर खर्च पडलेला असतो आणि उद्दिष्ट पुरे झालेले असते.

वास्तविक महाराष्ट्रातील पुष्कळशा डोंगरांवर खड्डे खणण्याची गरजच नसते. दुरून बोडका दिसणारा डोंगर जवळ जाऊन पाहावा. तेथे गुडघाभर उंचीची, गुरांनी खुडलेली आणि दरसाल वणव्याने होरपळलेली पळस, ऐन, धावडा, तेंदू यांची झुडपे दिसतात. वरचे खोड वर्षाचे असते, पण मूळ पन्नास वर्षांचे असते. त्या मुळात पुरेसे सत्त्व साठलेले असते, आणि केवळ वरून होणारा मारा थांबण्याचीच ते वाट पाहत असते. दोन-तीन पावसाळे कुऱ्हाड, आग आणि गुरे यांना दूर ठेवले की एकेका बुडख्यातून फुटव्यांचा घोसच्या घोस वर येतो. त्यांतील एखाद-दुसरा सरळ फुटवा राखून बाकीचे काढले, की नर्सरीतील रोपाला जी उंची गाठण्यास बराच काळ लागावा ती तो थोड्याच वर्षांत गाठतो. मग करवंदीच्या जाळीत गुरांपासून सुरक्षित राहून दुसरे बी रुजू लागते. बुलबुल आणि उदमांजरे दूरच्या ओढ्यावरून जांभूळ, उंबर आणून टाकतात. गवत दाटते, माती धरली जाते, आणि पाणी मुरू लागते. या सर्व क्रियेला सरकारचा खर्च किती? एका राखणदाराचे वेतन, पावसाळा संपल्यावर आखलेली जाळरेषा, आणि जेथे चराई थांबविली तेथील गुरांच्या वैरणीची सोय. लागवडीच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे. परंतु यात एक मोठा दोष आहे: पहिल्या वर्षाच्या अखेरीस दाखवावयास आकडा नसतो. ‘इतकी रोपे लावली’ असे सांगता येते. ‘इतकी गुरे आत शिरली नाहीत’ असे सांगणाऱ्याचा सत्कार होत नाही.

अर्थात हा नियम सार्वत्रिक नाही. जेथे माती वाहून जाऊन मुरूम उघडा पडला आहे, खाणीने डोंगराचे पोट फाडले आहे, किंवा कोकणात लागोपाठच्या कोळसातोडीने जुन्या सदाहरित जातींचे बीही आसपास उरलेले नाही, तेथे चर खणावे लागतील आणि स्थानिक जातींची रोपेही लावावी लागतील. तेथला खर्च जास्त आहे आणि तो करणे रास्त आहे. सार्वजनिक पैशाची खरी कसोटी या दोन प्रकारच्या भूमींतील भेद ओळखण्यात आहे. आपल्याकडे मात्र उलट घडत आले: ज्या भूमीत जिवंत मुळे आहेत, तेथेच खड्डे खणणे सोपे, म्हणून लागवड तेथेच झाली, आणि जी भूमी खरोखर मेलेली, ती रोपे जगणार नाहीत या भीतीने वगळली गेली.

नुकसानभरपाईच्या पैशाने हा जुना दोष अधिक ठळक केला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर धरण, खाण वा रस्ता यांसाठी वनभूमी वळती करणाऱ्याने दुसरीकडे पर्यायी वनीकरणाचा खर्च द्यावा असा दंडक झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ही वसूल होऊ लागले, २००८ साली त्याचे दर वनाच्या प्रतीनुसार दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत ठरले. झऱ्याच्या पाण्यासाठी गिब्सन यांना जो रकाना हवा होता, तो अशा रीतीने दीडशे वर्षांनी आखला गेला. परंतु पैसा जमा होणे आणि अरण्य जमा होणे यांत केवढे अंतर असते, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने दाखविले: २००६ ते २०१२ या काळात वनेतर भूमी जी सुमारे १,०३,००० हेक्टर मिळावयाची होती, तीपैकी २८,००० हेक्टरच मिळाली, आणि तीवर वनीकरण झाले ते ७,२८० हेक्टरांवर. या निधीसाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांच्या हवाली ४७,४३६ कोटी रुपये केले आणि महाराष्ट्राच्या वाट्यास ३,८४४ कोटी आले. पैशाची टंचाई ही तक्रार यानंतर कोणी करू नये.

त्याच सुमारास राज्य सरकारने लागवडीची जी मोठी मोहीम हाती घेतली, तिची उद्दिष्टे २०१६ साली २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे अशी चढत गेली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे वनाच्छादन २०१९ साली ५०,७७८ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ साली ५०,७९८ झाले. इवली रोपे उपग्रहाच्या दृष्टीस इतक्यात पडणार नाहीत, म्हणून या आकड्यावरून मोहिमेचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. पण त्याच न्यायाने, रोपांच्या आकड्यावरून तिचा गौरव करणेही अकाली ठरते. शिवाय या सर्वेक्षणात हेक्टरभर जागेत दहा टक्के छत्र असले की ते वनाच्छादन धरले जाते. मग ती देवगडची आंब्याची बाग असो, वेंगुर्ल्याची काजूची बाग असो, वा आंबोलीचे गर्द रान. हिमाचलातील कांगडा जिल्ह्यात अनेक दशकांच्या सरकारी लागवडीचा माग काढणारा जो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात वनाच्या छत्रात लागवडीमुळे म्हणावी अशी वाढ आढळली नाही. आपल्या राज्यातील जुन्या रोपवनांची अशी तपासणी लागवडीच्या खर्चाच्या एका लहान अंशात होऊ शकेल, आणि तिच्यावर खर्चिलेला रुपया बहुधा सर्वांत अधिक फळ देईल.

नैसर्गिक अरण्य सर्वांत स्वस्तात कोठे परत आले, असे सरकारी वहीला विचारले तर ती कोयना आणि चांदोलीकडे बोट दाखवील. धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, पाणलोटातील वाड्या उठल्या, पुढे १९८५ साली अभयारण्ये झाली. कुमरीची (उतारावरील फिरत्या शेतीची) सोडलेली राने आणि भाताची खाचरे झुडपांनी, मग झाडांनी व्यापली, आणि २०१० साली तेथे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. ना खड्डा, ना रोप; केवळ माणूस दूर झाल्याने झालेले हे पुनरुज्जीवन निसर्गाच्या सामर्थ्याची ग्वाही देते. परंतु कोयनेचे विस्थापित ठाण्यापासून सोलापुरापर्यंत विखुरले, आणि त्यांच्यातील कित्येकांची जमिनीची दरखास्त तिसऱ्या पिढीपर्यंत कचेरीतून कचेरीत फिरत राहिली. हे अरण्य फुकट मिळाले असे म्हणणे म्हणजे किंमत चुकविणाऱ्याचे नाव वहीतून खोडणे होय.

याउलट, किंमत देणारा आणि लाभ घेणारा एकच असला की काय घडते, याचेही दाखले आपल्या मुलुखात आहेत. देवराई हा त्यांतील सर्वांत जुना. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो शोध घेतला, त्यात उजाड डोंगरांच्या मध्यभागी देवाच्या धाकाने राहिलेले मूळच्या अरण्याचे तुकडे जगापुढे आले. सभोवतालच्या भूमीला बी पुरविणारी ही कोठारे सरकारी खजिन्यातून छदामही न घेता गावांनी राखली होती. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील हिवरे बाजाराने १९९० नंतर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लादून घेतली, रोजगार हमीचा पैसा चरांवर आणि बांधांवर लावला, आणि राखलेले गवत विळ्याने कापून घरोघर नेले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अनेक वर्षे जंगल राखले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवरील सामूहिक हक्क त्याला मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने असाच हक्क मिळाल्यावर बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून तेंदूपत्ता तोडणे आपण होऊन बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि आग लावली जाते. आणि जंगलाचा एक भाग नवी देवराई म्हणून सोडून दिला. चांगला पैसा देणारे पीक एका गरीब गावाने सोडावे, यामागे वनरक्षकाचा धाक नव्हता. उद्याचे उत्पन्न आपलेच आहे ही खात्री होती. १८७८ च्या कायद्यातील न उघडलेले प्रकरण एकशे तीस वर्षांनी उघडले, तेव्हा त्यातून हे निघाले.

सर्वच गावे अशी निघतील असे मानणे भोळेपणाचे होईल. ग्रामसभांत तंटे होतात, धनको आणि ठेकेदार आत शिरतात, आणि काही ठिकाणी हक्काचा कागद मिळताच कुऱ्हाडही चालते. तथापि सरकारी वनांतही हेच घडत आले आहे, आणि तेथे राखणीसाठी शिपाई पगारी लागतो. म्हणून या दीर्घ जमाखर्चातून निघणारा धडा असा की नैसर्गिक अरण्याच्या पुनरुज्जीवनावरचा सार्वजनिक खर्च रोपाच्या दराने मोजू नये. मुळे जिवंत आहेत तेथे पैसा राखणीवर, वणवा विझविण्यावर आणि चराई थांबल्याने ज्याचे नुकसान होते त्याच्या भरपाईवर जावा. माती मेली आहे तेथे लागवडीवर जावा. आणि दोन्ही ठिकाणी हिशेब तिसऱ्या वर्षी न मिटवता विसाव्या वर्षी मिटवावा. अरण्य परत यावे यासाठी कोणाला तरी काही तरी सोडावे लागते: कोणाला कवळ, कोणाला चराई, कोणाला तेंदूपत्ता. त्या सोडण्याची रक्कम खजिन्याने उघडपणे नावे लिहिली आणि चुकती केली, तर पुनरुज्जीवन आज दिसते त्याहून महाग भासेल. पण वनगुन्हे, दंड, वणवे, पुन्हा पुन्हा भरलेली मर आणि न मिटलेल्या दरखास्ती यांच्या रूपाने तीच रक्कम चक्रवाढ व्याजाने भरण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. झाड वाढविण्याचा काळ ज्याने सोसला त्याला द्रव्य देऊन राजी करावे, ही अमात्यांची तजवीज एका आंब्याच्या झाडापुरती होती. तिला आता डोंगराच्या मापाने अंदाजपत्रकात स्थान मिळाले पाहिजे.